मॅडमच्या पानात भात कुणी वाढला

न्यायाधीशांचं आसन उंचावर असतं आणि त्याच्या पायथ्याशी एक टेबल असतं. त्या टेबलामागं, फायलींच्या ढिगातून जे डोकं वर आलेलं दिसतं ते बेंच क्लर्कचं. आमच्या जोयडा तालुक्याच्या कोर्टात ते डोकं बरीच वर्षं माझं होतं. पुढं शिरस्तेदार झाले, म्हणजे कचेरीतल्या कारकुनांमधली थोरली, आणि तिथूनच निवृत्त झाले. पण रानातल्या वाड्यावाड्यांवरची माणसं मला शेवटपर्यंत एकाच नावानं ओळखत राहिली: जज्जाच्या खाली बसणारी अक्का.

काम तसं साधं. पुकारा झाला की फाईल वर द्यायची, तारीख पडली की खाली घ्यायची, साक्षीदाराला शपथ द्यायची, झालं गेलं रोजनाम्यात उतरवायचं. आम्ही न्यायाच्या चुलीला लाकडं पुरवणारे. भाकरी थापायचा अधिकार आम्हाला नाही.

हे लोकांना कोण पटवणार? लोकांचा पक्का समज असा, की वरून निकाल खाली येतो त्याअर्थी खालूनही काहीतरी वर जात असणार, आणि त्याची वाट अक्काच्या टेबलावरून जात असणार. रामनगरहून जोयड्याच्या बसमध्ये मी चढले की कुणीतरी उठून जागा द्यायचं. मी आधी त्या माणसाचं तोंड निरखायची, हा कुठल्या फायलीतला? शंका आली की उभीच राहायची. घाटातल्या वळणांवर दांडी धरून उभं राहून माझ्या पोटऱ्या पैलवानासारख्या झाल्या आहेत. न्यायखात्यानं मला दिलेलं हे कायमचं देणं.

नियम पाठ करायला सोपे होते. पक्षकाराकडून काही घ्यायचं नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही, त्याला सल्ला द्यायचा नाही, निकालाबद्दल तोंड उघडायचं नाही, आणि ओळखीच्या माणसाची केस आली तर आधी साहेबांना सांगून त्या फायलीपासून दूर व्हायचं. हे नियम लिहिणारा माणूस नक्की शहरातला असणार. आमच्या तालुक्यात रान जास्त आणि माणसं थोडी. वाघ सोडला तर सगळ्यांची सगळ्यांशी ओळख.

एकदा सकाळी दारात एक म्हातारबाबा उभे. हातात हातभर लांबीचा, मातीनं माखलेला कंद. आमच्या डोंगरातले कंद चवीला नामी, पण मला बाबांचा चेहरा कोर्टात पाहिल्यासारखा वाटला.

"हे काय बाबा?"

"कंद हाय, अक्का."

"ते दिसतंय. कशाला आणलाय?"

"खायाला."

"तुमची केस चालू आहे ना आमच्याकडं?"

"व्हय. म्हनून तर आनला. न्हाईतर कशाला आनला असता?"

इतका सरळ माणूस लाच द्यायला मला पुन्हा भेटला नाही. मी नको म्हणताच बाबांनी कंद पायरीवर ठेवला आणि धूम ठोकली. मी कंद उचलून त्यांच्या मागं. बाबा पुढं, मी मागं, अशी आमची वरात अख्ख्या बाजारपेठेतून गेली. शेवटी बसस्टँडवर त्यांना गाठून कंद त्यांच्या काखेत कोंबला. गावात मात्र बातमी अशी पसरली, की अक्का एका गरीब म्हाताऱ्याला कंदानं मारायला धावली.

दुसरी गंमत भाषेची. आमचा तालुका कन्नड मुलखातला, म्हणून कोर्टाचं काम कन्नडात आणि साक्षीदार बोलणार मराठी नाहीतर कोकणी. साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले असले की दुभाषाचं काम माझ्याकडं. दुभाषानं साक्षीदाराचा शब्द जसाच्या तसा द्यायचा, पदरचा घालायचा नाही आणि पोटात ठेवायचाही नाही. एकदा एका आजीनं पिंजऱ्यात उभं राहून प्रतिवादीकडं बोट केलं आणि म्हणाली, "ह्या मेल्याच्या तोंडात माती पडूंदे." मी उभी राहिले, घसा साफ केला आणि गंभीर चेहऱ्यानं कन्नडात सांगितलं, "या मेलेल्या माणसाच्या तोंडात माती पडो असं साक्षीदाराचं म्हणणं आहे." साहेब दचकून म्हणाले, "कोण मेलाय? वारस रेकॉर्डवर घेतलेत का?" प्रतिवादी बिचारा उभा राहून सांगू लागला की मी जिवंत आहे.

या नियमांची किंमतही मोजावी लागली. जवळच्या एका मैत्रिणीच्या घरचा दावा आमच्याकडं होता. तिनं एका संध्याकाळी नुसतं विचारलं, "आमचं काय होईल गं?" मी गप्प बसले. मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी गप्पच बसले असते. तिनं ते मनाला लावून घेतलं. आमची मैत्री त्या गप्प बसण्यातच संपली. बाजारात मी दिसले की ती अजून दुकान बदलते.

पण मला सांगायचं आहे ते सोमा आणि गणूच्या दाव्याबद्दल आणि माझ्या मुलीच्या लग्नाबद्दल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तो आमच्या यजमानांनी जोडला.

सोमा आणि गणू चुलत भाऊ, दिग्गीकडच्या एका वाडीतले. दोघंही भातशेती करणारे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटानं आधी गणूच्या शेतात यायचं आणि पुढं सोमाच्या. गणूनं पाटात मातीचा बांध घातला आणि सोमाचं पाणी तुटलं. सोमानं दावा लावला. तो वादी, गणू प्रतिवादी. वाडीतून जोयड्याला येणारी बस एकच, त्यामुळं दोघं तारखेला एकाच बसनं यायचे, कोर्टात एकमेकांना खोटारडा म्हणायचे आणि परतीच्या बसमध्ये पुन्हा शेजारी बसायचे. कधी सोमाला उशीर झाला तर गणू ड्रायव्हरला थांबवून धरायचा. "माझा वादी यायचाय," म्हणायचा.

तेव्हा आमच्याकडं न्यायाधीश म्हणून नव्या मॅडम आल्या होत्या. रायचूरकडच्या, वय लहान, पहिलीच नेमणूक. आवाज मऊ आणि शिस्त कडक. पक्षकार तर सोडाच, गावातल्या कुणाकडं त्या चहाही घेत नसत. बाजारातून भाजी आणायलासुद्धा पट्टेवाला बसप्पा जायचा, आणि त्यालाही ताकीद होती की भाजीवाल्यानं वर कोथिंबीर फुकट दिली तर परत करायची. अशा मॅडमनी सोमा-गणूचा युक्तिवाद ऐकून निकालासाठी सोमवार नेमला. आणि त्याच सोमवारच्या आधीच्या शनिवारी आमच्या दीपाचं लग्न होतं.

आमचे हे रेल्वेत पॉइंट्समन, कॅसलरॉक स्टेशनात. आयुष्यभर गाड्यांना वाट करून दिल्यामुळं की काय, कुणालाही नाही म्हणणं यांना जमत नाही. लग्न ठरल्यावर मी यांना समोर बसवून सांगितलं, "निमंत्रणाच्या बाबतीत माझं ऐकायचं. वकिलांना बोलवायचं नाही. ज्यांची केस चालू आहे त्यांना बोलवायचं नाही. आहेर स्वीकारला जाणार नाही असं पत्रिकेवरच छापायचं."

हे म्हणाले, "अगं, मग येणार कोण? तुझ्या कोर्टात केस नाही असा माणूस शोधायला मला गोव्यात जावं लागेल."

"गोव्यात जा," मी म्हटलं.

हे हसले. मला वाटलं, समजलं. मग मी मॅडमना पत्रिका दिली. येतील अशी आशा नव्हती, रीत म्हणून दिली. मॅडमनी पत्रिका दोनदा वाचली, आहेराच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "कर्मचाऱ्याच्या मुलीचं लग्न म्हणजे घरचंच. जेवायला येते." मला आनंदानं हवेत चालल्यासारखं झालं. आल्यापासून मॅडम कुठं जेवायला गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

लग्न रामनगरातल्या एका कार्यालयात. आमच्याकडं मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नाही अशी पद्धत आहे. त्यामुळं मंगलाष्टकं सुरू झाली तशी मला मागच्या अंगणात तुळशीपाशी पाटावर बसवलं. आत भटजींचा आवाज चढत होता, मी डोळे पुसत होते, आणि मागचं फाटक ढकलून दोन माणसं आत आली. एकाच्या खांद्यावर फणस. दुसऱ्याच्या डोक्यावर त्याहून मोठा फणस. फणस खाली उतरले तसे त्यांच्यामागून सोमा आणि गणूचे चेहरे निघाले.

मला उठता येईना. मंगलाष्टकं संपेपर्यंत तुळशीपासून हलायचं नसतं. मी बसल्या जागेवरून दबक्या आवाजात म्हटलं, "तुम्ही इथं कसे?"

"बलावलंय न्हवं," सोमा म्हणाला.

"कुणी?"

"मालकांनी. बाजारात भेटल्यालं. म्हनाले, आमच्या पोरीचं लगीन हाय, या."

"मलाबी," गणू म्हणाला. "आनि माझा फणस थोरला हाय बघा."

"परवा निकाल आहे तुमचा. मॅडम आत बसल्यात."

दोघांचे चेहरे एकदम उजळले. मी म्हटलं, "त्यांच्या नजरेला पडायचं नाही. समजतंय का? एकानंही नाही. फणस उचला आणि बाहेर व्हा."

"जेवल्याबगार?" सोमानं विचारलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, फक्त आश्चर्य होतं. लग्नघरातून माणसाला उपाशी लावून देतात हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. मी तरी कुठं ऐकलं होतं? तेवढ्यात बसप्पा दिसला. तो त्या दिवशी पट्टा उतरवून, नवा शर्ट घालून पाहुणा म्हणून आला होता. मी त्याला खूण केली आणि सांगितलं, की या दोघांना फाटकाबाहेर देवळाच्या कट्ट्यावर बसव, पानं तिकडंच पाठवते, फणस त्यांच्याच ताब्यात राहू देत, आणि हे आत येता कामा नयेत. बसप्पानं मान डोलावली. दोन्ही फणस आणि दोन्ही भाऊ बाहेर गेले. आत शेवटचं "सावधान" झालं, बँड वाजला, आणि मी तुळशीला दोन्ही हातांनी नमस्कार केला.

पुढचं काही मी व्यासपीठावरून पाहिलं, काही मागाहून ऐकलं.

पंगत बसली होती. मॅडम पहिल्या रांगेत, केळीच्या पानासमोर, साधी सुती साडी नेसून, शेजारच्या म्हाताऱ्या बाईशी मोडक्या मराठीत बोलत होत्या. वाढप्यांपैकी दोघं आलेच नव्हते. पानं मांडून माणसं ताटकळत होती. आमचे हे घामाघूम होऊन बाहेर डोकावले, तर देवळाच्या कट्ट्यावर दोन धडधाकट माणसं नुसती बसलेली. यांना काय, माणूस रिकामा दिसला की त्याला रुळावर आणायचं. "अरे, बसलाय काय? पंगत खोळंबलीय. चला, भांडी धरा." बसप्पा माझ्या सांगण्यावरून त्या दोघांसाठीच पानं आणायला स्वयंपाकघरात गेला होता. आणि आमच्या भागात लग्नघरी वाढायला बोलावलं की नाही म्हणायची रीत नाही. पक्षकार असला म्हणून काय झालं.

मी दीपाच्या शेजारी उभी होते. फोटोग्राफर म्हणत होता, "मावशी, हसा." मी हसले आणि हसता हसता समोर पाहिलं. कमरेला पंचा, डोक्याला टॉवेल, हातात भाताचं भलंमोठं भांडं घेऊन प्रतिवादी पहिल्या रांगेतून सरकत होता.

मी व्यासपीठावरून उतरले. उतरले म्हणजे नऊवारीचा घोळ हातात धरून उडीच मारली. मागून विहीणबाई म्हणाल्या, "अहो, कुठं निघालात?" उत्तर द्यायला सवड नव्हती. वाटेत एक आत्याबाई पायाशी वाकायला आल्या, त्यांना ओलांडून गेले. पोचले तेव्हा गणू मॅडमच्या पानापुढं वाकला होता.

"साकु, साकु," मॅडम म्हणत होत्या. पुरे, पुरे.

"घ्या वो बायसाब, लग्नाचा भात हाय, लाजू नका," म्हणत गणूनं दुसरा डाव घातला. मॅडम मान खाली घालून पानावर हात आडवा धरत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही.

मी भांडं धरलं. गणूनं सोडलं नाही. मी ओढलं. त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला सगळं आठवलं असावं, कारण भांडं एकदम सैल झालं आणि मी भातासकट दोन पावलं मागं गेले. आता सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. मुलीची आई, दागिन्यांनी मढलेली, हातात भाताचं भांडं. काय करणार? मी वाढायला लागले. पहिली रांग वाढली, दुसरी वाढली. विहीणबाई गहिवरल्या. व्याह्यांना म्हणाल्या, "बघा, लग्नाच्या दिवशी स्वतः भात वाढतायत. माणसं चांगली मिळाली." त्या आजही चारचौघांत ही गोष्ट सांगतात. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

पाठवणीच्या वेळी मी इतकी रडले की दीपाच माझी समजूत घालू लागली. तिला काय ठाऊक, त्यातले अर्धे अश्रू सोमवारचे होते.

पाहुणे पांगल्यावर मी यांना धारेवर धरलं. हे म्हणाले, "बाजारात माणूस भेटला, बोलावलं. उपाशी पोटी बसलेला दिसला, कामाला लावलं. आता प्रत्येकाला काय विचारू, तुझी केस आहे का?" यावर कोणत्याही कायद्यात उत्तर नाही.

बसप्पा अजून तिथंच घुटमळत होता. तो म्हणाला, "अक्का, बिडी." म्हणजे सोडून द्या. "मॅडमनी ओळखलं नाही. दोन्ही फणस मी त्यांच्याबरोबर परत लावून दिले. तुम्ही बोलला नाही तर कुणाला कळायचं नाही. बोललात तर मॅडम पुन्हा कुणाच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाहीत."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी रविवारभर त्याचा विचार केला. मॅडम एकदाच कुठंतरी माणसांत बसल्या होत्या, पोटभर जेवल्या होत्या, आणि ते मी विस्कटणार होते. बदली, चौकशी, काय वाटेल ते होऊ शकत होतं. पण मॅडमच्या समोरच्या दाव्यातली एक गोष्ट मला ठाऊक आहे आणि त्यांना नाही, असं झालं तर मग आसनावर कोण बसलंय आणि खाली कोण? ज्या दिवशी मी अशी एक गोष्ट पोटात ठेवीन, त्या दिवशी लोकांचा तो समज खरा ठरेल. खालून वर काय जायचं ते अक्का ठरवते.

सोमवारी कोर्ट बसायच्या आधी मी चेंबरमध्ये गेले. मॅडम प्रसन्न होत्या. "जेवण फार छान होतं," म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, बाजारातल्या निमंत्रणापासून भांड्याच्या ओढाताणीपर्यंत.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "भात?"

"हो मॅडम."

"तो प्रतिवादी होता?"

"हो."

"मी खाल्ला?"

"दोनदा घेतलात."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. मी घाबरून पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता आणि त्या हसत होत्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून श्वास कोंडून हसत होत्या. मग रुमाल घडी करून ठेवला, आणि पुन्हा न्यायाधीश झाल्या. "फाईल पहिल्या नंबरावर घ्या. दोन्ही वकील आणि दोन्ही पक्षकार समोर हवेत."

पुकारा झाला. मॅडमनी भरल्या कोर्टात सांगितलं, की शनिवारी एका कर्मचाऱ्याच्या घरच्या लग्नात या दाव्यातल्या प्रतिवादीनं मला भात वाढला. मला तेव्हा ते समजलं नाही, आज समजलं. यामुळं कुठल्याही बाजूच्या मनात किंतु असेल तर तसं सांगावं, मी हा दावा दुसऱ्या कोर्टाकडं पाठवण्यासाठी लिहीन. मी ते मराठीतून सोमा आणि गणूला सांगितलं.

गणूच्या वकिलानं अशिलाकडं असं पाहिलं, की जणू त्यानं भाताबरोबर वकिलालाही वाढून टाकलं होतं. आणि सोमा उभा राहिला.

"माझी हरकत हाय," म्हणाला.

सोमाच्या वकिलाचा चेहरा खुलला. मॅडमनी मला विचारायला सांगितलं, हरकत नेमकी कशाला?

सोमा म्हणाला, "रेकॉर्डावर निस्ता गणूचा भात येतोय. मी बायसाबांना जिलेबी वाडली, त्येचं काय?"

मी दुभाषी. जसाच्या तसा शब्द द्यायचा. मी कन्नडात सांगितलं. सांगताना माझेच कान गरम झाले, कारण ही जिलेबी मलाही नवी होती. मी भाताच्या भांड्याशी झगडत असताना वादी दुसऱ्या बाजूनं येऊन गेला होता.

मॅडमनी डोळे मिटले. "किती?"

"दोन," सोमा म्हणाला. "बायसाब एकच घ्येत हुत्या. मी म्हनलं, एक वाडू न्हाई."

"खोटं बोलतोय," गणू म्हणाला. "येकच वाडली. मी बघिटलं."

"तुझं ध्यान भाताकडं हुतं."

"आनि अक्कांनी आमाला गेटाभाईर घालवलं हुतं," सोमा मॅडमकडं वळून म्हणाला. "त्येबी लिवा. आमी आपल्या पायानं आत न्हाई आलो. मालकांनी वडून आनलं."

हे सगळं मी उभी राहून, एकेक वाक्य, सरकारी चेहऱ्यानं कन्नडात सांगितलं. माझ्याच नवऱ्याचा उल्लेख 'बेंच क्लर्कचे पती' असा केला. मागं बाकांवर बसलेले वकील फायलीत तोंड खुपसून बसले होते. बसप्पा मॅडमच्या खुर्चीमागं ताठ उभा होता, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शेवटी दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलाशी बोलून लिहून दिलं, की या कोर्टानंच निकाल द्यावा, आमची हरकत नाही. मॅडमनी तो कागद रेकॉर्डवर घेतला. मग बसप्पाला कपाट उघडायला सांगितलं. निकाल शुक्रवारीच लिहून, सही करून, कुलपात ठेवलेला होता. भात आणि जिलेबी पानावर पडायच्या आधीचा. मॅडमनी तो वाचून दाखवला.

दावा मंजूर झाला. पाट पूर्वापार दोघांचा आहे. गणूनं बांध काढून टाकावा, निम्मं पाणी आपल्या शेताला घ्यावं आणि निम्मं सोमाकडं न अडवता सोडावं.

सोमानं हात जोडले. गणूनं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि तो बाहेर गेला.

त्यानंतर मॅडम आणखी कुणाकडं जेवायला गेल्या नाहीत. त्याचं मला वाईट वाटतं. बदली होऊन जाताना मात्र म्हणाल्या, "पंगतीत बसले की मी आता आधी वाढणाऱ्याचा चेहरा बघते."

गणू काही दिवसांनी खिडकीवर आला. निकालाची नक्कल हवी होती. मी अर्ज घेतला आणि म्हटलं, "अपिलाला मुदत असते. काय करायचं ते वकिलांना विचार. मला सल्ला देता येत नाही."

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "वकील म्हनतोय करूया. मी न्हाई म्हनलं."

"का?"

"अक्का, जी बाई माझ्या हातचा भात खाती आनि माझ्याच इरुद्द निकाल सांगती, ती खरं सोडून बोलंल व्हय? तिच्यावर आनि कुनाला इचारायचं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं मोठं प्रशस्तिपत्र आमच्या कोर्टाला कुणी दिलं नव्हतं. मी अर्जावर शिक्का मारला आणि सहज विचारलं, "अपील करायचं नाही, मग नक्कल कशाला हवीय?"

"भित्तीला लावतो. सोम्याला किती पानी सोडायचं त्ये लिवलंय न्हवं त्येच्यात?" गणू म्हणाला. "त्येच्यावर थेंब देनार न्हाई."